भावोजींची चाळणी

माझ्या भावोजींनी आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मोजून घेतलं नाही, पण दुसऱ्यांच्या मापातल्या चुका काढायचा पगार एकतीस वर्षं घेतला. ते वजनं-मापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, तराजूत आपलं पितळी वजन ठेवायचं, काट्याकडे बघायचं, 'हं' म्हणायचं आणि कागद पुढे ओढायचा. त्या 'हं'ला सगळा बाजार टरकून असे. खात्यातले लोक त्यांना 'दशांश' म्हणत, कारण कुठल्याही आकड्याला ते पूर्णांकावर सोडून देत नसत. हे नाव कुणीतरी घरापर्यंत पोचवलं आणि ते घरातच राहिलं. ताई त्यांच्यासमोर 'अहो' म्हणते. पाठीमागे, फक्त माझ्याजवळ, 'दशांश'.

मी ताईची धाकटी बहीण. त्याच इमारतीत दोन मजले वर एकटी राहते आणि दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. गाल सुजलेल्या माणसांना दिवसभर 'बसा, अजून पंधरा मिनिटं' असं सांगणं हा माझा धंदा. माणसाला ताटकळत कसं ठेवायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी भावोजींनी शिकवलं.

निवृत्तीनंतरचा पहिला महिना त्यांनी घर तपासण्यात घालवला. दुधाचं माप, घड्याळांमधला फरक, दाराच्या फटी, ताईच्या हातातलं मीठ. घरात एक माणूस जास्त झाला की काय होतं ते ताईच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं होतं. मग डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासलं आणि दिवसाचे सहा कप गोड चहा एका फटक्यात बंद केले. भावोजी दोन दिवस सुतक असल्यासारखे बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांना फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात निरोप समारंभाला मिळालेला एक छोटा डबा सापडला. डब्यात हिरवी पूड होती. माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची पूड.

पहिल्या दिवशी त्यांनी काय करावं? कपात चमचाभर पूड टाकली, वरून खळखळ उकळतं पाणी ओतलं आणि चमच्यानं ढवळलं. पाण्यावर हिरव्या गोळ्या तरंगायला लागल्या. त्यातली एक तोंडात गेली आणि दाताखाली फुटली. बाहेरून ओली, आतून कोरडी ठणठणीत. त्यांचं तोंड असं झालं की आमच्या दवाखान्यातसुद्धा मी तसं तोंड क्वचित पाहिलंय. ताई हसली. मी जास्त हसले. दुसरा कुणी असता तर डबा कचऱ्यात गेला असता. पण भावोजींना तिथे चूक दिसली, आणि चूक दिसली की त्या माणसाच्या अंगात वारं शिरतं.

आठवडाभर त्यांनी डब्यावरचं पत्रक वाचलं, वाचनालयातून पुस्तकं आणली, फोनवर चित्रफिती पाहिल्या. शेवटी आम्हा दोघींना समोर बसवून निकाल दिला: "चहा चुकलेला नाही. तयारी चुकलेली आहे."

आता खरं ते सांगायला हवं. यात त्यांचं काही चुकत नव्हतं. ही पूड इतकी बारीक असते की चिमटीत घेतली तर बोटांवरच्या रेषा बुजतात. अशी पूड डब्यात बसून बसून आपापसात चिकटते. न चाळता पाणी घातलं की तिच्या गुठळ्या होतात आणि मग तुम्ही घुसळत बसा, नाहीतर डोकं आपटत बसा, त्या काही मोडत नाहीत. म्हणून आधी चाळायची. फ्रिजमधला गार डबा लगेच उघडायचा नाही, नाहीतर हवेतला ओलावा पुडीवर बसतो. वाडगा गरम पाण्यानं शेकून कोरडा पुसायचा. पाणी उकळतं नको, जरा निवलेलं हवं. आधी थोड्याच पाण्यात पूड कालवायची, मग उरलेलं पाणी घालून बांबूच्या बारीक रवीनं मनगट हलवत फेस आणायचा. हे सगळं शिकायला शहाण्या माणसाला एक दुपार पुरे. भावोजींनी त्याच्या अकरा पायऱ्या केल्या, वहीत लिहून काढल्या आणि प्रत्येक पायरीसमोर मिनिटं टाकली. एकूण दोन तास पंचेचाळीस मिनिटं. त्यात पिण्याचं एक.

हेही मी हसून सोडून दिलं असतं. पण हे सगळं व्हायचं पुढच्या खोलीत.

ती खोली ताईची. म्हणजे कागदोपत्री दोघांची, पण गेली चौदा वर्षं भावोजी साडेनऊला बाहेर पडले की तिथे ताईचा शिवणाचा वर्ग भरायचा, अकरा ते एक. दोन मशिनं, खिडकीपाशी कापणीचं लांब टेबल आणि सहा विद्यार्थिनी. कुणी नव्यानं लग्न झालेली, कुणी नोकरी सुटलेली, एक तर सत्तरीची आजी होती, तिला मरायच्या आधी स्वतःच्या हातानं कॉलर बसवायची होती. ताई घरात कमी बोलते, पण त्या दोन तासांत तिचा आवाज वेगळा असे. "अगं, कापडाला ओढू नकोस, ते स्वतःहून चालतंय, तू नुसती सोबत जा." मी सुटीच्या दिवशी मुद्दाम दारात उभी राहून ऐकायचे.

भावोजींनी ते कापणीचं टेबल घेतलं. नऊला डबा फ्रिजबाहेर यायचा, तो खोलीच्या हवेला यायला दोन तास, म्हणजे नेमके अकरा. अकराला चाळणी. चाळताना पंखा चालणार नाही, पूड उडते. खिडकी उघडी चालणार नाही. कापड कापायचं नाही, कापडाची कुसं हवेत तरंगतात आणि वाडग्यात पडतात. मशिन चालवायचं नाही, टेबल थरथरतं. मोठ्यानं बोलायचं नाही, कारण भावोजी मनात मोजत असतात.

"मग आम्ही करायचं काय?" त्या आजीनं एकदा विचारलं.

"काजं करा," भावोजी म्हणाले. "काजांना वारा लागत नाही."

भर उन्हाळ्यात, बंद खिडकीत, पंखा नसताना सहा बायका घाम पुसत काजं करत बसल्या. पंधरवड्यात तिघींनी गाशा गुंडाळला. पाचव्या महिन्यात चौथीही गेली, पण तिनं निदान कारण तरी दिलं, तिच्या सासूचं दुखणं. ती आजी राहिली आणि नोकरी सुटलेली ती मुलगी. ताई त्या दिवशी माझ्याकडे वर आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "या दोघी गेल्या ना, तर मी मशिनं विकून टाकणार आहे. बघायला नकोत मला ती."

ताई अशी कधी बोलत नाही.

"तू त्यांना सांग ना स्पष्ट," मी म्हटलं.

"सांगितलं. म्हणाले, शिवण काय, कुठेही बसून होतं. याला शास्त्र आहे."

शास्त्र! अंगाचा तिळपापड झाला माझा. कारण त्या शास्त्राची एक बाजू फक्त मला आणि ताईला ठाऊक होती. भावोजींचं सगळं आटोपलं, दोन घोट घेऊन त्यांनी 'हं' म्हटलं, की ते उठून आराम करायला जायचे. टेबलावर हिरवा पसारा तसाच. मग ताई यायची. चाळणीच्या जाळीत अडकलेली पूड मऊ ब्रशनं मागच्या बाजूनं झाडायची. कोमट पाण्यातून चाळणी काढायची. साबण नाही, वास राहतो. मग जुन्या सुती कापडानं टिपायची, खिडकीत उन्हात धरायची, डोळ्याजवळ नेऊन एकेक भोक बघायची आणि पूर्ण कोरडी झाली की खिळ्याला टांगायची. रवीच्या काड्या सरळ करायची. वाडगा पुसायची. वीस मिनिटं लागायची तिला. दुसऱ्या दिवशी अकराला भावोजी हात लांबवत आणि चाळणी खिळ्यावर असे, स्वच्छ, कोरडी, जणू खिळ्यालाच लागते ती. त्यांच्या अकरा पायऱ्यांत ही वीस मिनिटं कुठेच नव्हती.

मार्ग मीच काढला, आणि त्याबद्दल मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आमच्या वसाहतीचं सभागृह आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर एक चांगली मोठी खोली रिकामी पडून होती. चारी बाजूंना खिडक्या, कुलपाचं कपाट. सेक्रेटरीबाई, म्हणजे पूर्वी शाळेत कवायत घेणाऱ्या बाई, ती खोली रोज दोन तास कुणाला तरी वर्ग चालवायला देणार होत्या. अट एकच: आधी सभासदांसमोर करून दाखवायचं, मग हात वर करून मतं. त्या दाढेसाठी आमच्या दवाखान्यात आल्या होत्या. त्यांचं तोंड उघडं होतं तोवरच मी सांगून टाकलं की माझे भावोजी माचाचा वर्ग घेतील. त्यांना नाही म्हणता आलं नाही.

बेत सरळ होता. भावोजींना सभागृहातली खोली मिळाली की ते डबा, चाळणी आणि शास्त्र घेऊन तिकडे जातील आणि ताईला तिची खोली परत मिळेल. ताईला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकले. बुधवारी संध्याकाळी सहा ही वेळ ठरली आणि माझ्या भावोजींना इतकं यश मिळावं म्हणून आम्ही दोघी पहिल्यांदाच मनापासून धडपडायला लागलो. ताईनं त्यांचा सदरा दोनदा इस्त्री केला. मी त्यांचं भाषण चार वेळा ऐकलं, मधे एकदाही जांभई न देता. एवढं मी कुणासाठी केलेलं नाही.

भावोजी तर हवेतच होते. "लोकांना वाटतं चहा म्हणजे पिणं," ते दारात भेटेल त्याला सांगत. "पिणं हा शेवटचा क्षुल्लक भाग आहे. सगळं तयारीत आहे. पूड तयार असेल तर चहा आपोआप होतो." आपोआप हा त्यांचा आवडता शब्द. त्यांच्या घरात पुष्कळ गोष्टी आपोआप व्हायच्या.

मंगळवारी त्यांनी रंगीत तालीम केली. चाळताना त्यांना जाळीवर एक निळा दोरा दिसला, करंगळीच्या नखाएवढा. शिवणाच्या घरात दोरा सापडला म्हणून त्यांनी असा चेहरा केला की जणू दुकानदाराच्या मालाच्या पारड्याखाली चिकटवलेलं शिसं सापडलंय.

"हे काय आहे?"

"दोरा," ताई म्हणाली.

"उद्या माझा कार्यक्रम आहे आणि माझ्या चाळणीत दोरा! आजपासून माझ्या सामानाला कुणी हात लावायचा नाही. कळलं? कुणीही नाही."

"बरं," ताई म्हणाली.

ताईचं 'बरं' मला चांगलं माहीत आहे. त्यात राग नसतो, म्हणूनच ते भयंकर असतं. तिला जे सांगितलं ते ती तंतोतंत करते. मंगळवारी दुपारी तिनं टेबलावरच्या कशालाही हात लावला नाही.

बुधवारी दुपारी भावोजींनी सामान भरायला घेतलं, तेव्हा चाळणी टेबलावरच होती आणि तिची जाळी हिरव्या थरानं भरलेली होती. ते जरा चक्रावले. बहुधा चाळणी अशी होते हेच त्यांना नवीन असावं. मग ती घेऊन ते स्वयंपाकघरात गेले, नळाखाली धरली, खसाखसा चोळली, तीन वेळा झटकली आणि सामानाच्या झाकणबंद डब्यात घातली. ताई ओट्यापाशीच उभी होती. ती म्हणाली, "अहो, ती—" भावोजींनी तळहात पुढे केला, वाहनं अडवतात तसा. "मी करतोय ना?" हे मला तिनं सभागृहाच्या पायऱ्या चढताना सांगितलं. मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत वाळेल गं." ती म्हणाली, "बंद डब्यात?"

चाळीसएक लोक आले होते. काही चहासाठी, काही पंख्याखाली बसायला मिळेल म्हणून. भावोजींनी पहिल्याच वाक्याला पंखे बंद करायला लावले, तेव्हा या दुसऱ्या गटाची मतं गेली हे मी ओळखलं. मग पंचवीस मिनिटं ते बोलले. डबा खोलीच्या हवेला का आणायचा, पुडीचे कण किती सूक्ष्म असतात, एका गुठळीनं संपूर्ण वाडगा कसा बाद होतो. बोलण्यात तोडच नाही त्यांच्या. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ झोपले, पण तेही आदरानं, मान ताठ ठेवून.

"आणि आता," भावोजी म्हणाले, "चाळणी."

त्यांनी वाडग्यावर चाळणी ठेवली, बांबूच्या चमच्यानं मापून पूड घातली आणि कडेला बोटानं टिचक्या मारायला लागले. एक, दोन, तीन. खाली काहीच पडलं नाही. पूड जाळीवर बसली ती बसलीच. बघता बघता तिचा रंग काळसर झाला. भावोजींनी जोरात टिचकी मारली. मग चमच्यानं दाबलं. वाडग्यात एक हिरवा चिकट थेंब पडला, टप्प असा आवाज माइकमधून सगळ्यांनी ऐकला.

"गाळणं तुंबलंय हो," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

"हवा दमट आहे," भावोजी म्हणाले. कपाळावर घाम. "किंवा... या डब्यातली पूडच सदोष असू शकते. आपण उत्पादकाला कळवू." त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. एकतीस वर्षांची सवय. काहीही बिघडलं की समोरच्याच्या नावानं कागद लिहायचा.

मला हसू फुटत होतं. खोटं कशाला बोलू, पाच महिने मी याच क्षणाची वाट बघत होते. ते तोंडघशी पडताना बघायला मी दवाखान्यातून अर्धी रजा टाकली असती. हसण्यासाठी मी ताईकडे वळले आणि माझं हसू तिथेच विरलं. ताईचा चेहरा पांढरा पडला होता. त्या चाळणीत तिची खोली अडकली होती ना. भावोजी इथे पडले तर उद्या अकराला पुन्हा पंखा बंद, खिडकी बंद, आणि त्या दोघीही जाणार. हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. स्वतःची लाज वाटली मला.

ताई उठली. खुर्च्यांमधून वाट काढत टेबलापर्यंत गेली, चाळणी उचलून दिव्याकडे धरली आणि म्हणाली, "ओली आहे."

"मी धुतली होती!" भावोजी म्हणाले.

"धुतलीत. पुसली नाहीत. वाळवली नाहीत. ओल्या जाळीवर पूड घातली की चिखलच होणार."

"पण रोज तर—" भावोजी थांबले.

सेक्रेटरीबाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, "रोज कोण पुसतं?"

"मी," ताई म्हणाली.

माइक चालूच होता. आधी हसले होते ते पुरुष होते. आता बायका हसल्या, आणि ते हसणं निराळं होतं. जोरात नव्हतं, पण सगळ्या खोलीभर होतं. प्रत्येकीच्या घरी एक चाळणी असणार.

भावोजी बाजूला झाले. ताईनं पिशवीतून मलमलीचा एक तुकडा काढला, अस्तराचा, धुऊन इस्त्री केलेला. दुसऱ्या कोरड्या वाडग्यावर तो पसरला, कडा एकदा दुमडून घेतल्या आणि नाडीनं असा ताठ आवळला की वर बोट आपटलं तर वाजावं. त्यावर दोन चमचे पूड घातली आणि चमच्याच्या पाठीनं हलक्या हातानं फिरवली. दाबलं नाही. कापड उचललं तेव्हा खाली हिरवी भुकटी पसरली होती, एकसारखी, नुसत्या श्वासानं हलेल अशी. थोडं पाणी, कालवणं, उरलेलं पाणी, रवी. चार-पाच मिनिटांत फेस आला. ती त्यातलं काहीही मोजत नव्हती. पाच महिने त्या टेबलाच्या कडेला काजं करत बसून तिनं सगळं बघितलं होतं.

सेक्रेटरीबाईंनी घोट घेतला. सगळे बघत होते. "गवत खाल्ल्यासारखं लागतंय," त्या म्हणाल्या, "पण गुठळी एकही नाही."

मग त्यांनी मतं मागितली. माचाच्या वर्गासाठी तीन हात वर झाले. एक माझा, एक झोपेतून जागे झालेल्या गृहस्थांचा, आणि एक ताईचा. संपलं, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "अहो, ते कापड इतकं ताठ कसं बांधलंत? माझं नेहमी एका बाजूला ओढलं जातं." तिच्या शेजारची म्हणाली, "आणि कड अशी न उसवता कशी दुमडायची? माझ्या पडद्यांचे दोरे निघतात." ताई सांगायला लागली. आडव्या धाग्याकडून ओढायचं, तिरपं नाही. नखानं घडी पाडायची, मग दुमडायची. तिचा तो आवाज, दोन तासांचा, आज पहिल्यांदा इतक्या लोकांनी ऐकला. चार बायका उठून टेबलापाशी आल्या.

"तुम्ही शिकवता का हे?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

"शिवण शिकवते. चौदा वर्षं."

"मग आधी का नाही बोललात?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली. एवढी अक्कल पाजळणारी मी, पण ती खोली सरळ ताईसाठीच मागावी हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी भावोजींची सोय लावत बसले होते, घरातल्या सगळ्यांसारखीच.

मग ती खोली शिवणाच्या वर्गाला द्यायची का यावर सेक्रेटरीबाईंनी पुन्हा मतं मागितली. या वेळी मी हात मोजले नाहीत, मोजायची गरजच नव्हती. भावोजींचा हात मात्र मी बघितला. दोन्ही हातांत ती चाळणी होती आणि ते तिच्या जाळीतून दिव्याकडे बघत होते.

घरी जाताना आम्ही तिघं एका ओळीत चाललो होतो. मग भावोजी म्हणाले, "तू आधी सांगायचंस मला."

"सांगत होते. तुम्ही हात दाखवलात."

कोपऱ्यावर वळल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पाच महिने, रोज, तू ती..."

"चाळणीचं पाच महिने," ताई म्हणाली. "बाकीचं चौतीस वर्षं."

तिनं हे चढ्या आवाजात म्हटलं नाही. भाव सांगावा तसं सांगितलं. भावोजी चालता चालता थांबले, आणि एकतीस वर्षांत ज्यांच्या 'हं'ला बाजार घाबरला त्यांच्या तोंडून साधं 'हं'सुद्धा निघालं नाही. मला त्यांची कीव आली. आणि कीव आली याचा रागही आला.

सोमवारपासून वर्ग सुरू व्हायचा होता. अकरा नावं आली होती, ती आजी आणि ती मुलगी धरून. दवाखान्यात मी दुपारची पाळी मागून घेतली आणि सकाळी दहाला मशिन उतरवायला खाली गेले. एक बाजू ताईनं धरली, एक मी. पुढची खोली मोकळी मोकळी दिसत होती. कापणीचं टेबल सगळंच्या सगळं भावोजींचं, पंखा बंद, खिडकी बंद, कुणाचा अडथळा म्हणून नाही. त्यांना हवं होतं ते सगळं त्यांना मिळालं होतं. ते स्वयंपाकघरात होते. नळाचा आवाज येत होता. मग कपाटं उघडल्याचा, खण ओढल्याचा, पुन्हा कपाटाचा.

आम्ही पहिल्या वळणापर्यंत जिना उतरलो तेव्हा ते दारात आले. हातातल्या चाळणीतून पाणी ठिबकत होतं, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.

"अगं," त्यांनी वरून विचारलं, "आपल्याकडे पुसायचं कापड कुठे असतं?"

मी थांबले. मशिनचा भार माझ्या हाताला रग लावत होता. चौतीस वर्षं त्या घरात राहिलेला माणूस ते विचारत होता, आणि अगदी खरोखर विचारत होता. उत्तर माझ्याही तोंडावर आलं होतं: ओट्याखालच्या डावीकडच्या खणात.

ताईनं मान वर केली नाही. "शोधा," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "चल गं, पायरी बघ."